रागाची हिंदी

वसंतकाकांना राग आला की ते हिंदीत बोलू लागत, आणि तीही अदबीच्या हिंदीत. हिंदी मुलखातल्या रांझीत, त्यांच्या कारखान्याच्या क्वार्टरमध्ये एरवी सगळं मराठीतून चाले. पण जेवताना त्यांनी काकूंना "जरा सुनिए" म्हटलं की आमचे घास हातातच थांबत. कारखान्यात त्यांनी आयुष्यभर साहेबांचं हिंदीतूनच ऐकून घेतलं होतं. ते सगळं त्याच भाषेत घरी येत असावं.

राग ओसरला की ते अंगणातल्या खाटेवर येऊन बसत. कानाच्या पाळ्या लाल, ओठ कोरडे. मला, त्यांच्याकडेच राहणाऱ्या पुतण्याला, बोलावून मनगट पुढं करत. "पाहा बे, घोडा पळून राहिला." खरंच नाडी बोटाखाली उड्या मारत असे. रक्तदाब असा वरचेवर चढू दिला तर डोक्यातली शीर दगा देईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. एकदा मी विचारलं, "काका, एवढा राग काहून येते तुम्हाला?"

"राग कुठला? भेव आहे ते," काका म्हणाले. "भेवाले आवाज नसते. मग ते रागाचा उसना आणते."

भीती कशाची, ते मंजूच्या वेळी कळलं. ती त्यांची एकुलती एक मुलगी. पुण्याला नोकरी लागल्याचं तिनं निघायच्या आदल्या दिवशी सांगितलं. आधी सांगायची हिंमत झाली नव्हती. काका पानावरून उठले. "आप जाइए," ते म्हणाले, "और लौटकर मत आइए."

स्टेशनवर मंजू मला म्हणाली, "शिव्या दिल्या असत्या तर परत आली असती मी, दादा. मला 'आप' म्हणाले ते."

ती आली नाही. फोन काकूंना करी. काका पेपरात डोकं खुपसून बसत आणि फोन ठेवल्यावर विचारत, "जेवली काय ती?"

मागच्या हिवाळ्यात शिरेनं दगा दिला. काकांचं उजवं अंग गेलं, आणि मराठी गेली. समजत सगळं होतं, पण तोंडातून येई ती तुटक हिंदी. दोन भाषा बोलणाऱ्यांचं कधीकधी असं होतं, डॉक्टर म्हणाले. "पानी दीजिए." "खिड़की खोलिए." हा राग नाही हे काकूंना ठाऊक होतं, तरी दर वेळी त्यांचा हात दचके. काकांना ते दिसे. पुढं पुढं ते तहान लागली तरी गप्प राहू लागले.

मंजू आली तेव्हा मी तिथंच होतो. ती उंबऱ्यात उभी राहिली, पिशवी खांद्यावरच. काका तिच्याकडे बघत राहिले. हिंदी शब्द ओठांवर आलेला मला दिसला. तो त्यांनी गिळला. तोंड वाकडं झालं, कपाळाची शीर फुगली. मंजू घाईघाईनं बोलू लागली, "बाबा, मी तेव्हा..."

"बस!" काका ओरडले. "बस! बस!"

"पाहिलं ना, दादा?" ती म्हणाली. "अजूनही हिंदीतच गप्प करतात मला." आणि पायऱ्या उतरून गेली.

काकांनी डावी मूठ गादीवर आपटली, पुन्हा आपटली. "अहो, शांत व्हा," काकू विनवत होत्या. एवढं रागावलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, आणि तो राग कुणावर आहे ते काकूंना आणि मलाच कळत होतं. त्याच संध्याकाळी त्यांना दुसरा झटका आला. त्यातून ते उठले नाहीत.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले. मंजू त्याच खोलीत, भिंतीला टेकून उभी होती. "शेवटचा शब्दसुद्धा रागाचाच होता ना, आई?"

काकू चादरीची घडी घालत होत्या. "हिंदी नव्हती ते, पोरी," त्या म्हणाल्या. "मराठी होती. तुले बस म्हणून राहिले होते."

 मंजू रिकाम्या खाटेजवळ गेली आणि खाली, फरशीवर बसली.