करडईचं तेल प्यालेली गिटार

पुण्याची नोकरी हातात आली तेव्हा आई एवढंच म्हणाली, "दादाची गिटार वाजती करून दे, मंग जा."

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. वसमतच्या आमच्या गायन पार्टीत सगळे पेटी-ढोलकीवाले, हा एकटाच गिटारवाला. एका कार्यक्रमाहून मोटरसायकलवर परतताना गेला. तेव्हापासून मी या घरात अडकलोय. सोयरे येतात, "आता तूच हाईस आईला," असं मला बजावतात आणि जेवून आपापल्या गावी निघून जातात. मला मात्र कुठंच जाता येत नाही. राग येतो, आणि त्या रागाची लाजही वाटते.

म्हणून इरेला पेटून गिटारला भिडलो. तिचा ब्रिज, म्हणजे तारा जिथं अडकवतात ती लाकडी पट्टी, उखडून आली होती. सुताराचा पांढरा डिंक लावला, सायकलच्या ट्यूबनं करकचून बांधली, वाळल्यावर तारा ताणल्या. फट्! पट्टी पुन्हा हातात. परत लावली, परत तेच. गिटार मुद्दाम छळतेय असं वाटायला लागलं. शेवटी चिडून ती जागा घासली, तर पॉलिशपेपर चिकट झाला. वास घेतला. करडईचं तेल!

आई दर रविवारी गिटार पुसते हे मला ठाऊक होतं. फडक्यावर तेल असतं हे नव्हतं ठाऊक. इतकी वर्षं लाकूड तेल पीत होतं, त्यावर डिंक कसला धरतोय?

सांगितलं असतं तर ती खचली असती. मोबाईलवर बघून, तेल ओढून घ्यायला, खडूची भुकटी थिनरमध्ये कालवली, लेप दिला, वाळला की खरवडला, पुन्हा दिला. शेजारच्या मळ्यात हळद शिजत होती. तो वास, थिनरचा वास, डोकं नुसतं भणभणायचं.

"काय करून राहिला रे?" आई विचारायची.

"जुना रंग काढून राहिलो," मी ठोकून द्यायचो.

अखेर डिंकानं पट्टी धरली. तारा चढवल्या, छेडल्या. आई भिंतीला टेकून ऐकत राहिली. मग डोळे पुसत म्हणाली, "बराबर वाजून राहिली. जा आता तू."

सुटलो एकदाचा! बॅग भरायला घेतली. तेवढ्यात रविवार आला आणि आई वाटी घेऊन गिटारपाशी बसली. आता न सांगून इलाज नव्हता.

"आई, तेल नको लावू तिला."

"काहून?"

"तेलानंच पट्टी निघाली होती."

ती रडली नाही. बोटं वाटीत तशीच राहिली.

"रविवारी त्याच्या डोक्यावर तेल घालायचे मी," ती म्हणाली. "एवढा बाप्या झाला तरी फुडं येऊन बसायचा. आता हिलाबी न्हाई म्हनतोस. मंग घालू कुनाला?"

तिनं मला कधी तेल घातल्याचं आठवत नाही, मी लहानपणापासून पळायचो. गिटार उचलून बाजूला ठेवली आणि तिच्यापुढं मांडी घालून बसलो. तिची बोटं केसांत शिरली. इतकी सावकाश, इतकी मायेनं, की माझा जीव घाबरला. आता आपण कुठंही जात नाही, हे मला तिथंच कळून चुकलं.

"मान खाली कर," आई म्हणाली.

मी केली.