मुरबाड स्टँडवरची भाऊबीज

निरांजनातल्या तुपाचा वास आला की मला मुरबाडचा एसटी स्टँड आठवतो. मी तेव्हा ठाण्याच्या खोपट डेपोत कंडक्टर होते आणि सणाला रजा नसायची, कारण गर्दी सणालाच. त्या भाऊबीजेला माझा मोठा भाऊ डोंबिवलीहून सरळ डेपोत आला आणि माझ्याच मुरबाड गाडीत तिकीट काढून बसला. ‘शेवटच्या स्टॉपला ओवाळ गं, मला घाई नाही,’ म्हणाला. कल्याणला एका लेकुरवाळीला जागा देऊन तो उभा राहिला, तेव्हा तो किती वाळलाय ते दिसलं. पण विचारायला वेळ कुठला, तिकिटं संपत नव्हती. मुरबाडला त्याने डोक्यावर रुमाल घेतला, मी बाकावर डबा उघडून निरांजन लावलं, ते वाऱ्याने दोनदा विझलं. तोवर परतीचे प्रवासी गाडीत चढून पत्रा बडवायला लागले. ‘ओ मॅडम, बेल द्या की.’ मी घाईघाईत नुसतं कुंकू लावलं. ‘पुढच्या वर्षी घरी नीट ओवाळ. जा तू, मी मागच्या गाडीने येतो,’ तो म्हणाला. मी बेल दिली. खिडकीतून पाहिलं, तर रुमाल डोक्यावर तसाच ठेवून तो बाकाशी उभा होता. पुढची दिवाळी त्याने पाहिली नाही. आता मी रिटायर झालेय. ज्यांना भाऊ नाही त्या चंद्राला ओवाळतात, तशी मीही भाऊबीजेला संध्याकाळी गच्चीत जाते. वाऱ्याने निरांजन विझतं, मी पुन्हा लावते, परत विझलं तर परत लावते. आता कोणी बेल मागत नाही.