अर्धी रीत चालणार नाही

आमच्या बेटांच्या देशाचं सैन्यदल म्हणजे काही मोठं प्रकरण नाही. रविवारी सगळ्यांनी एकाच चर्चमध्ये यायचं ठरवलं तर आरामात मावतील. त्याचे तीन भाग. बंदुका घेऊन चालणारे जमिनीवरचे शिपाई, गस्ती बोटींवरचे खलाशी, आणि या दोघांच्या गाड्या, इंजिनं, जेवणखाण चालू ठेवणारे तिसरे. पहिल्या दोघांना परेडमध्ये टाळ्या मिळतात. तिसऱ्यांना नुसत्या हाका.

मेलेनाइते त्या तिसऱ्यांतली. कॉर्पोरल, वय चौतीस, हातांना कायम डिझेलचा वास. राजधानी नुकुअलोफाच्या जेटीवरच्या वर्कशॉपमध्ये नऊ वर्षं तिने बोटीचं इंजिन उघडलं, धुतलं, जोडलं. बोट हाआपायच्या बेटांना पाणी पोचवायला निघायची, परक्या चोरट्या मासेमारांना हुसकावायला निघायची, आणि ही हात पुसत पुन्हा वर्कशॉपमध्ये. याचा तिला राग होता. मला विचाराल तर रास्त होता.

यंदा वादळांच्या मोसमाआधी बोटीवरच्या पाउलासीचा गुडघा कायमचा गेला. इंजिनापाशी त्याची जागा रिकामी झाली आणि मेलेनाइतेने त्याच दुपारी अर्ज दिला. कमांडर फोतूने तो तीन दिवस टेबलावर ठेवला आणि मग तिला बोलावलं.

"तुझ्याइतकं ते इंजिन कुणाला कळत नाही, मान्य. पण बोटीवर केपुएली आहे."

केपुएली तिचा सख्खा भाऊ. त्याच बोटीवर डेकचा सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, अकरा वर्षं. आणि आमच्याकडे भाऊ-बहीण वयात आले की एका छपराखाली झोपत नाहीत. बहिणीच्या खोलीत भाऊ पाऊल टाकत नाही, आणि दोघं हजर असतील तिथे तिसऱ्यानेही वावगा शब्द काढायचा नाही.

"हे नियमांच्या पुस्तकात आहे, सर?"

"पुस्तकात कशाला लागतं? तुला माहीत नाही का?"

माहीत होतं, म्हणून तर ती चिडली. या दलात नात्यागोत्याची माणसं वेगळी काढायची म्हटली तर एका होडीलाही माणसं पुरायची नाहीत. चुलत, मामे, मावस, मेहुणे, सगळे तिथेच. अडवायला मात्र हीच सापडली.

जेटीवर बातमी पसरायला वेळ लागला नाही. खलाशांनी कपाळाला हात लावला.

"बाई गं, तीन-तीन आठवडे शिवी न देता नांगर कसा ओढायचा?" मालाकाई नावाच्या एकाने विचारलं.

"दात आवळून. तुझ्या शिव्या ऐकून तो कधी लवकर वर आलाय का?" मेलेनाइते म्हणाली.

भावाशी असल्या विषयावर बोलायची सोय नाही, म्हणून ती वहिनीकडे गेली. लोसे ओट्यावर बसून तारोचे कंद सोलत होती.

"काय म्हणतो तो?"

"काही म्हणत नाहीत, ताई. नीट जेवतही नाहीत. तुम्ही चढलात तर स्वतःला उतरावं लागणार, हे कळतं की त्यांना. आणि चार दिवस जमिनीवर राहिले की घरभर खिळे ठोकत सुटतात. जन्मभर काय करतील?"

मेलेनाइतेला बोटीवर जागा हवी होती, भावाची नव्हे. पण माघार घ्यायची म्हटलं की अंगाचा तिळपापड होत होता.

शुक्रवारी तिची रजा होती. तिने अंघोळ केली, कमरेला रुंद ताओवाला बांधला आणि फोतूच्या दारात उभी राहिली. ही मानाची कमरेची चटई बांधून कुणी आलं की त्याला उभ्या उभ्या वाटेला लावता येत नाही. फोतूने चहाचा कप खाली ठेवला.

"बोल."

"रीत तुम्ही काढलीत, सर, तर रीतीनेच बोलू. तुमच्या घरच्या कार्यात मानाच्या जागी कोण बसतं?"

फोतूची थोरली बहीण अख्ख्या गावाला ठाऊक होती. गेल्या वर्षी त्याच्या मुलीच्या लग्नात तिने केकचा वरचा मजला आणि सगळ्यांत चांगल्या चटया हक्काने उचलून नेल्या, आणि कमांडरसाहेब तिच्या गाडीचं दार धरून उभे होते.

"मुलांची आत्या," फोतू म्हणाला.

"म्हणजे भावापेक्षा बहीण वरची. दोघांनी एका छपराखाली राहायचं नाही, इथवर रीत आणलीत. मग बाजूला कुणी व्हायचं हे ठरवताना ती कुठे गेली? अर्धी रीत कामावर आणायची आणि अर्धी घरी ठेवायची, हे चालणार नाही."

फोतूचे कान लाल झाले. त्याने केपुएलीला बोलावणं धाडलं. केपुएली आला, आत बहीण दिसली तसा दाराबाहेरच थांबला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"तुझी बहीण बोटीवर येते म्हणते. मग तुझं काय?"

"मी उतरतो, सर. त्यात विचारायचं काय?"

फोतू मेलेनाइतेकडे वळला. "झालं समाधान? अकरा वर्षांचा सारंग बसला जमिनीवर."

इथे ही ढिली पडेल असं त्याला वाटलं होतं. तिचे डोळे भरून आले हे खरं, पण मान खाली गेली नाही.

"त्याला उतरवा असं मी कधी म्हटलं? मान माझा आहे ना? मग तो कसा वापरायचा हे मी ठरवणार. त्याला सांगा, उतरायचं नाही. बहिणीचा शब्द आहे. तो वर झोपेल, मी खाली इंजिनापाशी. मध्ये पोलादाचा मजला आहे, आमच्या घरच्या भिंतीपेक्षा जाड. माझी हरकत नाही, तर दुसऱ्या कुणाला हरकत घ्यायचा हक्क नाही."

"ऐकलंस?" फोतूने दाराकडे पाहून विचारलं.

"ऐकलं. तिचा शब्द मला मोडता येत नाही, सर." केपुएली भिंतीकडे बघतच बोलत होता. "तुम्हाला येत असेल तर बघा."

फोतूने तिचा अर्ज पुढे ओढला आणि पेन उघडलं.

"बरं. वादळांच्या मोसमापुरती घेतो तुला. पुढचं पुढे."

"पाउलासीला मोसमापुरतं घेतलं होतं का?"

"मेलेनाइते, पुरे."

"'कायम' लिहा, सर. मग पुरे."

त्याने लिहिलं. तिने कागद आपल्याकडे फिरवून तो शब्द नीट वाचला आणि मगच उठली. आनंदाने तिला ओरडावंसं वाटत होतं.

दाराबाहेर केपुएली भिंतीला चिकटून बाजूला झाला, मान खाली घालून, रीतीप्रमाणे. तिनेही त्याच्याकडे पाहिलं नाही. जाता जाता नुसतं समोर बघत म्हणाली, "इंजिनातून तेल गळतंय. सोमवारी खाली उतरायचंय मला. डेकवरचं इंजिनखोलीचं झाकण गंजून बसलंय, कुणीतरी मोकळं करून ठेवा म्हणावं."

सारंगाने सोमवारची वाट पाहिली नाही. जेटीवर गेला, हाताखालच्या कुणालाही न बोलावता गुडघे टेकून बसला आणि स्वतःच्या हाताने ते झाकण उघडलं.