शाजिया मुकादमचे आकडे

शाजिया मुकादमबद्दल चांगलं लिहायचं असं ठरवून बसले आहे. जमेल की नाही माहीत नाही. चार वर्षं मी त्या मुलीवर जळले, आणि चार वर्षांचं जळणं एका बैठकीत विझत नाही. आता ती लग्न होऊन उरणला गेली, तरी तिचं नाव निघालं की माझ्या पोटात थोडं दुखतंच.

आम्ही दोघी पनवेलजवळच्या एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये होतो. कंपनी प्रिझर्वेटिव्ह बनवायची. क्रीम, शाम्पू, खोकल्याचं औषध नासू नये म्हणून त्यात जी पांढरी पावडर चिमूटभर घालतात, ती. मी कोन गावची निशा घरत, एम.एस्सी. शाजिया पनवेलच्या मोहल्ल्यातली, साधी बी.एस्सी., तीही सेकंड क्लास. हे मुद्दाम सांगते आहे, कारण त्या काळात मी ते मनातल्या मनात दिवसातून दहा वेळा म्हणायचे.

ती ठेंगणी, गोल चेहऱ्याची. अ‍ॅप्रनच्या आत ओढणी खोचलेली आणि तोंडात कायम कसलं तरी गुणगुणणं. वडील यासीन मुकादम कुवेतला, दोन वर्षांतून एकदा घरी. आई हव्वाबी गुडघ्यांनी आजारी. त्यामुळे गॅसचा नंबर लावण्यापासून भावाच्या शाळेत सह्या करण्यापर्यंत सगळं शाजियाकडे. एवढं करून सकाळी कंपनीच्या बसमध्ये चढायची ती हसत. मी आयता डबा घेऊन बसायचे आणि तरी कपाळाला आठ्या. लॅबमधली भांडी धुणारी गुणाबाई चांगल्यातल्या काचेच्या नळ्या तिच्यासाठी बाजूला काढून ठेवायची. मला उरलेल्या. एकदा मी विचारलं तर म्हणते, "ती नळ्या धुऊन परत देते, बाय. तुमी तशाच टाकून जाता." खरं होतं, म्हणूनच जास्त झोंबलं.

२००९च्या जूनमध्ये परदेशातल्या एका गिऱ्हाइकाने तक्ता मागितला. आमची पावडर इथेनॉल, अ‍ॅसिटोन आणि इथाइल अ‍ॅसिटेट या तीन द्रवांत किती विरघळते, पंचवीस अंशांपासून पन्नासपर्यंत, दर पाच अंशांना. आमचे साहेब कमलाकर सर. त्यांनी काम दोघींना दिलं, पण वेगवेगळं. एकमेकींना वही दाखवायची नाही, कामाबद्दल बोलायचं नाही. म्हणाले, "ज्या तक्त्यावर माझा विश्वास बसेल तो जाईल. आणि खाली माझी सही नाही, तुमचीच जाईल."

आमच्याकडे मोजायचं आम्ही आणि सही साहेबांची, हाच रिवाज होता. त्यामुळे मला ती सही हवीच होती. घरी बोलून बसले. बाबा, म्हणजे काळूराम घरत, दुसऱ्या दिवशी अख्ख्या कोनला सांगून आले. संध्याकाळी मला विचारतात, "बाय, तुजं नाव फारेनला जानार हाय ना?" मी म्हटलं, "जानार, बाबा." शाजियाचा विचारसुद्धा माझ्या मनात आला नाही.

काम ऐकायला सोपं. बाटलीत द्रव घ्यायचा, त्यात विरघळेल त्याहून जास्त पावडर टाकायची, बाटली ठरलेल्या अंशाच्या पाण्यात ठेवून दिवसभर ढवळायची. संध्याकाळी ढवळणं बंद. सकाळपर्यंत न विरघळलेली पावडर तळाला बसते. मग वरचा नितळ द्रव फिल्टर लावलेल्या सिरिंजने ओढायचा, वजन करायचं, द्रव तापवून उडवून द्यायचा आणि उरलेली पावडर तोलायची. पाणी एका अंशावर राखणाऱ्या टाकीला आम्ही बाथ म्हणायचो. माझा बाथ दाराजवळ, तिचा खिडकीजवळ. दोन्ही जुने, नुसतं बटण फिरवायचे. अंश बघायचा तर थर्मामीटर बुडवा.

प्रत्येक मोजणी तीनदा करायची होती. अंश वाढवले की माझे तीन आकडे तीन दिशांना. चाळीसच्या वर गेलं की सिरिंजची सुई तुंबायची. मी सिरिंजच्या कंपनीच्या नावाने बोटं मोडली आणि तीन ब्रँड बदलले. नाचता येईना, अंगण वाकडं.

मग जुलैमध्ये एक दिवस शाजिया नमाजाला गेली असताना मी तिची वही उघडली. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, ही माझी त्या वेळची वृत्ती होती, लपवत नाही. तिचे तिन्ही आकडे जवळजवळ एकच. शिवाय चाळीसला, पन्नासला माझ्याहून तीन-चार ग्रॅमनी जास्त. आलेख काढला तर बिंदू एका रेषेत बसलेले.

माझी खात्रीच पटली की ही खोटं लिहिते. कॉलेजात आम्ही सगळ्यांनी हे केलेलं आहे: आधी रेष काढायची, मग तिच्यावर बिंदू टाकायचे आणि बिंदूंवरून आकडे लिहायचे. एवढे सुंदर आकडे दुसरे कसे येणार? आणि तेही सेकंड क्लासला? सरांकडे जाऊन सांगावं तर पुरावा नव्हता. म्हणून मी पुरावा तयार करायला घेतला.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात तिचा एक जादाचा चाळीसचा प्रयोग चालू होता. संध्याकाळी ती ढवळणं बंद करून बसकडे गेली. मी पाकीट विसरल्याचं निमित्त करून मागे राहिले आणि तिच्या बाथचं बटण जरासं फिरवलं. थर्मामीटर धरून बरोबर अडतीसला आणलं. माझा हिशोब असा: ही बघणार नाही, वहीत चाळीसचा ठरलेला आकडा टाकणार, आणि मी तिला सरांसमोर पकडणार.

सकाळी मी तिच्याआधी जागेवर. शाजियाने आल्या आल्या बाथमध्ये थर्मामीटर बुडवला. कपाळ आकसलं. काढून पुसला, परत बुडवला. मग तो पाण्यात धरून किती तरी वेळ बघत राहिली. शेवटी सिरिंज घेतली, द्रव ओढला, वजन केलं. दुपारी वहीत लिहिलं: "३८ अंश. चाळीसचं रीडिंग झालेलं नाही. बाथ तपासावा." तिची पाठ वळताच मी आकडा बघितला. तो तिच्याच रेषेवर, पस्तीस आणि चाळीसच्या मध्ये, जिथे अडतीसचा यायला हवा तिथेच होता.

ती काहीच खोटं लिहीत नव्हती.

गप्प बसून हे विसरता आलं असतं. पण सरांनी वही वाचली आणि शाजियाला बोलावलं. "तुझा बाथ आपोआप सरकत असेल, तर आधीच्या चोपन्न रीडिंगचा भरवसा काय? सगळी परत घे. दुसरा बाथ देतो. आणि निशा, तू साक्षीला बस. प्रत्येक पानावर सही कर."

मी बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. खोटं कशाला सांगू, पहिल्यांदा बरं वाटलं. अडीच महिन्यांचं तिचं काम एका मिनिटात संशयात गेलं आणि माझा तक्ता परत शर्यतीत आला. मग तिचा चेहरा बघितला. ती फक्त "बरं सर" म्हणाली आणि बाटल्या धुवायला निघून गेली.

त्याच आठवड्यात रमजान लागला. रिकाम्या पोटी अ‍ॅसिटोनचा वास कसा लागतो ते तिलाच ठाऊक. नाकावर ओढणी बांधून ती उभी राहायची आणि मी शेजारी स्टुलावर, साक्षीदार म्हणून. दुपारी मी डबा घेऊन बाहेर झाडाखाली जायचे.

चाळीसचं पहिलं रीडिंग आलं. शाजियाने छोटी भट्टी उघडली आणि फडक्यात धरून आतून सिरिंज आणि फिल्टर बाहेर काढले.

"हे भट्टीत का ठेवलंस?"

"अगं, चाळीसवर ठेवलेत. थंड सिरिंजमध्ये गरम द्रव ओढला की पावडर आतच गोठून बसते. अम्मी थंडीत तूप वाढताना चमचा आधी गरम करते ना, तसंच."

लॅबमध्ये एसी. माझ्या सिरिंज ड्रॉवरमध्ये, गार. म्हणजे अडीच महिने मी अर्धी पावडर सुईत आणि फिल्टरमध्ये गोठवून कचऱ्यात टाकत होते, उरलेली तोलत होते, आणि वर तिला खोटी ठरवत होते.

"मला सांगितलं का नाहीस?"

"सरांनी बोलायचं नाही म्हटलं होतं ना. आणि मला वाटलं, तुला ठाऊकच असेल. तू एम.एस्सी. आहेस." यात टोमणा नव्हता. असता तर मला भांडता आलं असतं.

ईदच्या दोन दिवस आधी चोपन्नावं रीडिंग झालं. सगळेच्या सगळे आकडे आधीच्यांना जुळले. सरांनी तिची जुनी आणि नवी वही शेजारी ठेवून बघितली, माझीही वही तिच्याकडे दिली आणि तिला तक्ता करायला सांगितला. दुसऱ्या संध्याकाळी लॅबमध्ये आम्ही दोघीच उरल्यावर मला राहवलं नाही.

"शाजिया, त्या दिवशी बाथ मी फिरवला होता."

ती तराजूचं ताट ब्रशने साफ करत होती. "माहीत आहे."

"कसं?"

"बिघडलेला बाथ वरखाली होतो. तो अडतीसवरून हलत नव्हता. म्हणजे कुणीतरी लावलेला. आणि त्या संध्याकाळी माझ्यानंतर तूच होतीस."

"मग सरांना का नाही सांगितलंस?"

"राग आला नाही असं समजू नकोस हां. पहिले दोन दिवस रोजा सोडताना तुला बद्दुआ दिलीय मी. मग अल्लाची माफी मागितली." ती जराशी हसली. "पण नंतर वाटलं, एवढी रीडिंग घेतली, ती परत तशीच येतात का हे मी तरी कधी बघितलं होतं? बघावंसं वाटलं. म्हणून घेतली."

मग तिने तक्ता माझ्यापुढे ठेवला. तिच्या सुबक अक्षरात तिन्ही द्रवांचे आकडे आणि खाली "मोजणी: शाजिया यासीन मुकादम". पण सगळ्यात वरच्या, पंचवीस अंशांच्या ओळीपुढे वेगळं नाव होतं: निशा काळूराम घरत.

"हे काय?"

"एसी पंचवीसवर असतो. तिथे सिरिंज आणि द्रव सारखेच, काही गोठत नाही. त्या ओळीचे तुझे आकडे एकमेकांना माझ्यापेक्षा जवळ आहेत. म्हणून तुझे घातले. सरांना दाखवलंय."

मला वाटलं, ही दया आहे. दया असती तर मी ते पान तिच्या अंगावर फेकून मोकळी झाले असते. मी आमच्या दोघींच्या वह्या ओढल्या आणि आकडे पडताळले. एकदा, परत एकदा. माझे खरंच जास्त जवळ होते. तिने माझ्यावर उपकार केले नव्हते की मला माफही केलं नव्हतं. जो आकडा बरा होता तो तिने घेतला, बस. तिच्या जागी मी असते तर तिची ती ओळ मी कुणाला दिसू दिली नसती, आणि रात्री शांत झोपलेही असते.

"सही कर ना," ती म्हणाली. "बस सुटेल."

मी सही केली. 'घरत'मधला त ओळीखाली घसरला. तिने दोन बोटांनी कागद धरून ठेवला होता आणि तिची बोटं जराही हलत नव्हती. मला तेव्हाही, नाव लागलं त्या क्षणीही, तिचा हेवाच वाटला.