दिवा हिरवा

विद्यापीठात नवीन आलेली मुलं पहिले काही दिवस नेट सांभाळणाऱ्या काकांना आदराने "हिरवे सर" म्हणतात. हिरवे हे आडनाव असेल अशी त्यांची भाबडी समजूत. खरं आडनाव वेगळंच आहे आणि ते पगारपत्रकाबाहेर कुणाला ठाऊक नाही. "काका, नेट चालत नाही," अशी तक्रार घेऊन कुणी आलं, की काका भिंतीवरच्या नेटच्या डब्याकडे मान वर करून बघतात आणि म्हणतात, "दिवा तर हिरवा आहे." आठवड्याभरात मुलांना नावाचा उगम कळतो, सर गळून पडतं आणि उरतात ते हिरवेकाका.

काका मुळात टेलिफोनचे. विद्यापीठाच्या आतल्या फोनचं एक्स्चेंज त्यांनी एकोणीस वर्षं सांभाळलं. मग फोन गेले आणि नेट आलं. तारेचं काम ते तारेचं काम, असं म्हणून कुणीतरी त्यांच्या गळ्यात ही घंटा बांधली. त्यांनीही कुरकुर केली नाही. चार दिवसांच्या प्रशिक्षणाला जाऊन आले, एक पिशवी मिळाली, पिशवीत पक्कड, टेस्टर आणि तारांची टोकं. तीच पिशवी अजून खांद्यावर आहे.

नेटचं दुखणं सरळ आहे. बाहेरून एकच लाइन येते. ती घेतली तेव्हा आठशे मुलं होती, आज सहा हजार आहेत आणि प्रत्येकाच्या हातात फोन, काखेत लॅपटॉप. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? मुलांनी आपापले पाणवठे शोधून ठेवलेत. मुलींच्या वसतिगृहात दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात तिसऱ्या पायरीवर फोनचं स्वतःचं नेट बरं चालतं. वाचनालयाच्या मागच्या दारात फोन उंच धरला तर सिग्नलच्या दोन कांड्या येतात. परीक्षेचे फॉर्म भरायच्या दिवसांत त्या दारात मुलं अशी हात वर करून उभी असतात, की बघणाऱ्याला वाटावं कुणीतरी बंदूक रोखली आहे.

आता हिरव्या दिव्याविषयी. डब्यावरचा हिरवा दिवा एवढंच सांगतो की तार जोडलेली आहे. तारेतून काही येतंय की नाही, हे त्याच्या गावीही नसतं. भिंतीला नळ आहे म्हणून पाणी आहे असं होत नाही. काकांना हे पहिल्या दिवसापासून माहीत आहे. पण चार वर्षांपूर्वीच्या साहेबांनी शिस्त लावायची म्हणून एक रजिस्टर सुरू केलं. त्यात चार रकाने आखले: इमारत, वेळ, दिव्याचा रंग, सही. काका तेव्हा म्हणाले होते, "साहेब, रंगाबरोबर वेगाचाही रकाना ठेवू या." साहेब म्हणाले, "वेग कुणाला दिसतो? रंग कुणालाही दिसतो." ते साहेब बदलून गेले, रकाने राहिले.

इमारती अकरा, पाय दोन, त्यातला एक गुडघ्यातून गेलेला. सगळीकडे फिरून रंग बघायचा तर दिवस मावळेल आणि बाकीची कामं बोंबलतील. शिवाय दिवा हिरवाच असतो, हे काकांना न बघताही ठाऊक. म्हणून ते सकाळी दहाला टेबलाशी बसत आणि फेरीच्या ठरलेल्या वेळा टाकून अकराही ओळी एका दमात भरून टाकत. साडेदहा, हिरवा. पावणेअकरा, हिरवा. यात लबाडी आहे असं त्यांना कधी वाटलं नाही. लबाडीने माणसाला काहीतरी मिळायला हवं. त्यांना मिळायचा तो फक्त कामाला वेळ.

काकांना मूलबाळ नाही. बहिणीची मुलगी पाचवीपर्यंत त्यांच्याच घरी होती, कारण शाळा त्यांच्या घराजवळ होती. तिला पाटीवर अक्षरं गिरवायला त्यांनीच शिकवलं. पुढे ती हुशार निघाली आणि दोन वर्षांपूर्वी याच विद्यापीठात आली, वसतिगृहात राहायला लागली. पहिल्याच दिवशी काकांनी तिला बाजूला घेऊन बजावलं, "हे बघ, इथे मला मामा म्हणू नकोस. सगळी मुलं काका म्हणतात, तूही काका म्हण. नाहीतर उद्या कुणी म्हणायचं, मामाचं राज्य आहे, भाचीला वेगळी तार दिली."

ती खो खो हसली. "मामाला काका म्हणू? आईला कळलं तर घरात घेईल का मला? तिचा भाऊ परस्पर बाबांच्या घराण्यात ढकलला म्हणून!"

आणि तिने ऐकलं नाहीच. भर आवारात, दोनशे मुलांतून ती "मामाऽ" अशी हाक मारायची. काका वरवर चिडायचे. खरं सांगायचं तर त्या हाकेसाठी ते मुद्दाम वाचनालयावरून फेरी काढायचे.

यंदा तिने एका मोठ्या संशोधन संस्थेच्या प्रवेश परीक्षेचा फॉर्म भरला. साऱ्या देशातून चाळीस जागा. परीक्षा ऑनलाइन, दीड तासाची, समोर कॅमेरा चालू. जोडणी पाच मिनिटांहून जास्त तुटली की पेपर बंद. वयाची अट अशी की तिला ही एकच संधी. बुधवारी अकराचा पेपर, आणि सोमवारी ती मामाकडे आली. "बसू कुठे, ते तू सांग."

काकांनी मंगळवारची दुपार त्यातच घातली. वसतिगृहाच्या पहिल्या मजल्यावरच्या अभ्यासिकेतली तार बदलली, टोकं नवी लावली, डब्यावरची धूळसुद्धा पुसली. "ह्याच्या बरोबर खाली बस," त्यांनी सांगितलं. "मी अकराच्या आत येऊन बाहेर उभा राहतो. आणि वर बघायचं. दिवा हिरवा आहे तोवर काळजी करायची नाही."

हे शेवटचं वाक्य त्यांनी का म्हटलं, ते त्यांनाच माहीत. परीक्षेला निघालेल्या पोरीला माणूस धीराचं काहीतरी बोलतो. त्यांच्या तोंडात चार वर्षं जे बसलं होतं तेच बाहेर आलं.

बुधवारी ते नेहमीपेक्षा लवकर आले. अकराला मोकळं असायचं म्हणून पावणेदहालाच रजिस्टर भरून ठेवलं, अकराच्या अकरा ओळी. पिशवी उचलली आणि दारात पोचले, तोच साहेबांचा शिपाई आला. सभागृहात पाहुणे बसले आहेत, पडद्यावर चित्र येत नाही, ताबडतोब या. काका गेले. तार चुकीच्या भोकात घातलेली, दोन मिनिटांचं काम. पण मग साहेब म्हणाले, "थांबा जरा, मध्ये पुन्हा गेलं तर?" पाहुण्यांसमोर नाही कसं म्हणणार? काका मागच्या भिंतीला टेकून उभे राहिले. घड्याळ समोरच होतं. अकरा वाजले. सव्वाअकरा. अकरा वीसला पडद्यावरचं चित्र अडकलं आणि गोल फिरायला लागलं. पाहुणे चहाकडे वळले. आणि काका कुणाला न विचारता पिशवी उचलून निघाले, कारण लाइन एकच होती. इथे जे अडकलं ते तिथेही अडकलं असणार. त्याच सकाळी पहिल्या वर्षाच्या दोन हजार मुलांची नावनोंदणी सुरू झाली होती, हे त्यांना नंतर कळलं.

ते वसतिगृहाशी पोचले तेव्हा ती पायऱ्यांवर बसली होती, मांडीवर बंद लॅपटॉप.

"किती सोडवलास?" त्यांनी विचारलं. विचारायला दुसरं काही सुचलंच नाही.

"वीस मिनिटांचा. मग गेलं ते गेलंच." तिने डोळे पुसले. रडून झालेलं होतं. "पण मामा, मी संस्थेत फोन केला. ते म्हणाले, तुमच्या विद्यापीठाचं पत्र आणा. साडेअकराच्या सुमारास नेट बंद होतं एवढं लिहून द्या, आम्ही पुन्हा पेपर घेऊ. तीन दिवसांत हवं." आणि मग ती चक्क हसली. "रजिस्टर तर तूच लिहितोस ना? मग काय, घरचंच काम!"

काकांनी मान हलवली. ती हो होती की नाही होती, ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. ते टेबलाशी परत आले आणि रजिस्टर उघडलं. पाचवी ओळ. मुलींचं वसतिगृह, ११.३०, हिरवा, सही. अक्षर नेहमीसारखं ठसठशीत. खाडाखोड करायची म्हटली तर पानाच्या खाली साहेबांची तपासल्याची सही आधीच पडलेली. त्या दिवशी नेमके साहेबही वक्तशीर निघाले.

साहेब नवे आहेत, चाळिशीचे, माणूस वाईट नाही. काकांनी दुसऱ्या दिवशी सगळं सांगून टाकलं. "साहेब, ते मी सकाळीच भरलं होतं. बघितलं नव्हतं. रोजच तसं भरतो. शिक्षा काय ती मला करा, पण पोरीला पत्र द्या."

साहेब उठले. मग कपाटातून एक कागद काढून त्यांच्यापुढे सरकवला. "हे वाचा. मी नवी लाइन मागितली होती, गेल्या महिन्यात. वरून आलेलं उत्तर आहे."

कागदावर लिहिलं होतं की चार वर्षांच्या नोंदी पाहता नेटसेवेत एकदाही खंड पडलेला नाही, त्यामुळे नव्या लाइनची गरज दिसत नाही.

काकांनी तो कागद दोनदा वाचला. सहा हजार मुलं दारात हात वर करून उभी होती, त्याला कारण फक्त वरचे लोक असं ते इतकी वर्षं मानत आले होते.

"आता मी लिहून दिलं की रजिस्टर खोटं आहे," साहेब म्हणाले, "तर एक पान खोटं ठरत नाही, चार वर्षं खोटी ठरतात. तुमची नोकरी जाईल, माझीही सही आहे, तीही जाईल. तेही एक वेळ सोडा. पत्रात लिहू काय? दिवा लाल होता? लाल होता का?"

"नाही साहेब. लाल नसणार."

"मग?"

मग काही नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ. काका उभे राहिले, पुन्हा बसले, पुन्हा उभे राहिले. साहेबांनी त्यांना पाणी दिलं.

घरी बायको म्हणाली, "तिला सांगून टाका, आज ना उद्या कळेलच." काकांनी ठरवलं, उद्या सांगायचं. शुक्रवारी सकाळी ते वसतिगृहाच्या फाटकापर्यंत गेले, पहारेकरणीशी गुडघ्याबद्दल बोलले आणि परत फिरले. दुपारी पुन्हा गेले, तर ती खोलीवर नव्हती. ती कार्यालयात गेली होती, पत्राची चौकशी करायला. मामावर भार टाकायचा कशाला, असा विचार करून तिने स्वतःच अर्ज दिला होता. कार्यालयाने नियमाप्रमाणे एका ओळीचं उत्तर टाइप केलं, "नोंदीनुसार सदर वेळी सेवा सुरळीत होती," आणि पुरावा म्हणून रजिस्टरच्या पानाची झेरॉक्स जोडली.

ती काकांना व्हरांड्यात भेटली. हातात ते दोन कागद. व्हरांड्यात दुसरं कुणी नव्हतं.

"अक्षर तुझं आहे," ती म्हणाली.

ते अक्षर तिला कुणी ओळखायला शिकवावं लागत नव्हतं. तिचा ह तसाच निघायचा, शेपूट लांब ओढलेला.

"तू आला होतास वर? साडेअकराला?"

"नाही गं. सकाळीच भरून ठेवलं होतं. तुझ्यासाठी मोकळं व्हायचं म्हणून." हे तोंडातून निघालं आणि त्यांना वाटलं, न बोलतो तर बरं होतं.

तिने झेरॉक्सवरच्या त्या ओळीवर बोट ठेवलं. "पेपर तुटला तेव्हा मी वर बघितलं होतं," ती म्हणाली. "तू सांगितलं होतंस ना. हिरवाच होता. म्हणून मी उठले नाही. वाटलं, आत्ता येईल. जिन्यात तिसऱ्या पायरीवर गेले असते तर फोनवर कदाचित मिळालं असतं. पाच मिनिटं होती माझ्याकडे."

आवाजात राग नव्हता. राग असता तर काकांनी तो डोक्यावर घेतला असता.

तिने कागदांची घडी घातली, दप्तरात ठेवली, दप्तर पाठीला लावलं. दोन पावलं गेली आणि शहाण्या मुलीसारखी वळून म्हणाली, "येते, काका."