पर्समधला कांदा

मंडळी, आज दुपारी नागपुरात एका बाईने माझी चांगलीच उलटतपासणी घेतली!

किती वर्षांनी आले होते. सक्करदऱ्यातलं घर भावाने केव्हाच विकलं, त्यामुळे माझ्याच गावात आयुष्यात पहिल्यांदा लॉजवर उतरले. मे महिन्याचं रणरणतं ऊन, तरी हौसेने नाग नदीच्या पुलापर्यंत चालत गेले. माझ्या शाळेचा रस्ता तो.

पुलाजवळच्या रसवंतीत टेकले, तर म्हातारी मालकीण मला न्याहाळत म्हणाली, "बाहेरगावच्या दिसून राहिल्या तुम्ही."

मला रागच आला. पैशांसाठी पर्स उघडत म्हटलं, "मी सक्करदऱ्याची आहे!"

"मंग पर्समंदी कांदा काहून नाही?"

सत्तरच्या दशकात ऊन लागू नये म्हणून आमच्या घरातून कांद्याशिवाय कोणी बाहेर पडत नसे. मी कोपऱ्यावर वळेपर्यंत आई दारातून ओरडायची, "कांदा घेतला का वं?"

मालकिणीने टोपलीतला एक कांदा उचलून माझ्या हातात ठेवला. "राहू द्या जवळ, माय. ऊन बेक्कार आहे."

हे परतीच्या गाडीत बसून लिहितेय. एसी डबा आहे, ऊन काचेपलीकडे राहिलं. अंगावर शाल घेतलीय, तरी तो कांदा पर्समधून काढवत नाहीये.

खरं सांगा, तुमच्या गावात अजून कोणी दारातून ओरडतं का तुमच्यावर?