जीपमधून गेलेला दवाखाना

ते प्रकरण मी अजून विसरू शकलेलो नाही. ऐंशीच्या दशकात गडचिरोलीच्या जंगलातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. बायको-मुलं चंद्रपूरला. ठाण्यामागच्या पत्र्याच्या क्वार्टरमध्ये मी एकटा. हजेरी, स्टेशन डायरी, वायरलेसवरचे निरोप, एवढंच बोलणं. साहेबाशी गप्पा कोण मारणार?

एका बाजारच्या दिवशी खबऱ्याने बातमी दिली. जवळच्या टोल्यावरचा, दहा-बारा घरांच्या वस्तीवरचा, एक शेतकरी नक्षल दलाला तांदूळ पोचवत होता. मी त्याला चौकशीसाठी आणलं. दोन दिवस तो गप्प. एका शिपायाने हात उचलला. मी थांबवलं, पण उशिरा.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी त्याच्यापुढे भात ठेवला आणि समोरच जेवायला बसलो. कित्येक दिवसांनी मी कुणासोबत जेवत होतो. अर्धा भात संपल्यावर तो बोलला.

"माही पोरगी तापानं फणफणत होती, साहेब. सरकारी दवाखान्याले कुलूप. त्यायनं गोळ्या देल्या, मी तांदूळ देला. तुमी गोळ्या देल्या असत्या, तं तुमाले देला असता."

"टोल्यावरचं कोण आहे दलात?"

त्याने ताट बाजूला सारलं. "माहा लहान भाऊ. दवाखाना उघडा. मी त्याले घेऊन येतो."

मी त्याला सोडलं. तहसील आणि जिल्हा कार्यालयांत खेटे घातले. बंद पडलेलं आरोग्य उपकेंद्र उघडलं. मूल गावाकडची एक तरुण परिचारिका हजर झाली. तिला औषधांच्या पेट्यांसह मीच पोलीस जीपमधून टोल्यावर नेलं. लोकांपुढे भाषण केलं, त्या शेतकऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून फोटोही काढून घेतला.

तीन महिन्यांनी धाकटा भाऊ ठाण्यात आला आणि त्याने आपली ठासणीची भरमार बंदूक टेबलावर ठेवली. वरिष्ठांनी माझं कौतुक केलं.

पंधरवड्याने दलाने थोरल्याला घरातून ओढून नेलं. पोलिसांचा माणूस म्हणून मारलं. परिचारिका त्याच आठवड्यात निघून गेली.

धाकट्याला बातमी मीच सांगितली. तो रडला नाही. म्हणाला, "भाऊनं दवाखाना मागतला होता साहेब. पोलीस नाई मागतले."

औषधाची गोळी, शाळा, विहीर दिली की जंगलाकडे जाणारे पाय थांबतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण ते काम डॉक्टरने, मास्तरने करावं. खाकीने श्रेय घ्यायला पुढे होऊ नये. आमच्या मिरवण्याची किंमत गावकरी मोजतात. हे मला एक माणूस गमावून कळलं.

पंचनाम्याला गेलो तेव्हा टोल्यावरचं एकही माणूस जवळ आलं नाही. त्याची मुलगी दारात उभी होती, तापातून उठलेली, धडधाकट. मी तिच्याकडे पाहून हसायचा प्रयत्न केला. ती आत गेली आणि तिने दार लावून घेतलं.